सी ड्राइव्हची लाल पट्टी : जागा मोकळी करण्याच्या उपायांचा आढावा

जून उजाडला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. कुणाला प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा, कुणाला नॉन-क्रिमीलेअर. त्यातच खरिपाच्या पीक विम्याची घाई. नेमका याच दिवसांत टेबलावरचा संगणक कुरकुरायला लागतो. पावती उतरत नाही, प्रिंट मध्येच अडकते, ब्राउझर गोठतो. उघडून पाहावे तर सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झालेली असते. कप्प्यात दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज ती पट्टी लाल करते.

यावर उपाय सांगणारे पुष्कळ आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. कुणी म्हणते टेंप फाइली उडवा, कुणी म्हणते सगळे डीवर टाका, दुरुस्तीवाला म्हणतो विंडोज मारावी लागेल. या प्रश्नाची आज स्थिती काय आहे, कोणत्या उपायाची बाजू कुठवर खरी आहे आणि कोणते मुद्दे अजून सुटलेले नाहीत, हे इथे क्रमाने पाहू.

सी कप्पा लहान का राहिला

सी हे नावच जुन्या काळाचे आहे. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी होती. हार्ड डिस्क मागून आली म्हणून तिला सी मिळाले. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीची हार्ड डिस्क १० एमबीची होती. आजच्या फोनमधले दोन-तीन फोटो तिच्यात जेमतेम मावले असते. जागेची ओढाताण तेव्हापासूनची आहे. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ सोबत डबलस्पेस नावाची सोय आली. ती डिस्कवरचा मजकूर दाबून बसवत असे. याच तंत्राच्या पेटंटवरून स्टॅक या कंपनीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि १९९४ मध्ये ज्यूरीने स्टॅकला १२ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. जागा वाचवणे हा तेव्हाही मोठा धंदा होता.

पुढे डिस्क मोठ्या झाल्या, तरी विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीला एका कप्प्यात दोन जीबीपलीकडे मोजता येत नव्हते. १९९६ मध्ये फॅट-३२ आल्यावर ही अडचण गेली. तोवर एका डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडण्याची सवय मात्र रुळली होती.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला आणि तालुक्याच्या गावांत संगणकाचे क्लास दिसू लागले. त्या पिढीने एक नियम पाठ केला : सीवर आपले काही ठेवायचे नाही. व्हायरस आला की विंडोज नव्याने टाकावी लागे, त्यात सी पुसला जाई आणि डी वाचे. त्यामुळे सी विंडोजपुरता लहान आणि डी, ई कामासाठी मोठे, अशी वाटणी झाली. त्या काळी ती शहाणपणाची होती.

मग एसएसडी आली. जुन्या संगणकात १२० किंवा १२८ जीबीची एसएसडी बसवायची, विंडोज तिच्यावर टाकायची आणि जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क डी म्हणून ठेवायची, ही स्वस्तातली जोडणी सगळीकडे झाली. संगणक पळू लागला, सी मात्र आखडला. दुसरीकडे ३२ जीबीची पक्की बसवलेली मेमरी असलेले स्वस्त लॅपटॉप आले. २०१६ मध्ये आयबॉलचा कॉम्पबुक ९,९९९ रुपयांना मिळू लागला, तो त्याच जातीचा. विंडोज मात्र वाढत गेली. २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून विंडोज १० ची किमान गरज ३२ जीबी झाली आणि विंडोज ११ ची गरज ६४ जीबी आहे.

जागा नेमकी खाते कोण

पहिली घट कागदावरच होते. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. म्हणून १२८ जीबीचा डबा घेतला तरी पडद्यावर ११९ च्या आसपास दिसतात, १२० चे १११. यात कुणी कुणाला फसवलेले नसते, मापे दोन आहेत एवढेच.

उरलेल्या जागेत विंडोज स्वतः वीस-तीस जीबी घेते. २०१९ पासून नव्या संगणकांवर ती अपडेटसाठी सुमारे सात जीबी राखूनही ठेवते. संगणक हायबरनेट करताना रॅममधला मजकूर ज्या फाइलीत उतरतो, ती सहसा रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे आठ जीबी रॅमला तीन जीबीहून जास्त. रॅम कमी पडली की वापरायची पेजफाइल वेगळी. मोठी अपडेट झाली की जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात राहते. परत फिरायचे असेल तर दहा दिवसांची मुदत असते, पुढे ती आपोआप पुसली जाते.

या यादीकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. आपण जिला अडगळ म्हणतो, तिचा मोठा भाग म्हणजे परतीची वाट असते. अपडेट बिघडली तर मागे जाण्यासाठी विंडोज.ओल्ड, सेटिंग बिघडली तर रिस्टोर पॉइंट, चुकून पुसले तर रिसायकल बिन. जागा मोकळी करताना आपण बहुतेक वेळा यांतली एखादी वाट बंद करत असतो. कोणता उपाय कोणती वाट बंद करतो, या कसोटीवर पुढच्या मतांची तुलना करता येते.

वापरणाऱ्याचा वाटा धंद्याप्रमाणे बदलतो. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे फोटोशॉप काम चालू असताना तात्पुरत्या फाइली सीवरच टाकते. वेगळे सांगितले नाही तर दहा बाय वीसच्या फ्लेक्सला ‘स्क्रॅच डिस्क भरली’ असा निरोप येतो. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर त्या फाइली मागे राहूनही जातात. मोंढ्यातल्या आडत दुकानात हळदीच्या हंगामाचे हिशेब टॅलीत असतात आणि टॅलीप्राइमचा डेटा मुळात सीवरच्या ‘पब्लिक’ फोल्डरात साठतो. सेवा केंद्रात ग्राहकांचे स्कॅन, व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो आणि डाउनलोडमध्ये साठलेल्या पावत्या.

पहिले मत : साफसफाई

हे मत सर्वांत जुने आणि सर्वांना पटणारे. विंडोज ९८ पासून डिस्क क्लीनअप आहे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये स्टोरेज सेन्स आले, ते ठरावीक दिवसांनी तात्पुरत्या फाइली आणि रिसायकल बिन आपोआप रिकामे करते. या मताची बाजू अशी की विंडोजने स्वतः दिलेल्या हत्याराने साफ केले तर धोका कमी आणि खर्च शून्य.

मर्यादाही आहेत. साफ केलेली जागा अपडेट आणि ब्राउझर पुन्हा भरतात, त्यामुळे सफाई एकदा करून भागत नाही. शिवाय हत्यार विंडोजचे असले तरी खुणा आपण करतो. विंडोज १० च्या २०१८ च्या ऑक्टोबर आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड फोल्डरही आले. सगळ्या चौकटींत टिचकी मारायची सवय असलेल्यांचे डाउनलोड त्यात जाऊ शकत होते. पुढे २०२० मध्ये ती चौकट यादीतून काढली गेली.

सफाईवाल्यांतच एक उपपंथ आहे : बाहेरचे क्लीनर आणि रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम. एका बटणात काम होते, हा त्यांचा गुण. मात्र मायक्रोसॉफ्ट रजिस्ट्री क्लीनरची पाठराखण करत नाही आणि रजिस्ट्री साफ करून जागा नगण्यच मिळते. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या एका आवृत्तीत चोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर गेली होती. हे प्रत्येक क्लीनरविरुद्धचे पुरावे नव्हेत, पण सगळ्या फाइलींना हात लावणारे हत्यार कुठून आणले ते महत्त्वाचे, एवढे यातून नक्की कळते.

‘विनएसएक्सएस’ या फोल्डरावरही वाद होतात. ते पाहणाऱ्याला अवाढव्य दिसते. खरे तर त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे इतरत्र असलेल्या फाइलींचीच दुसरी नावे असतात, त्यामुळे एकच जागा दोनदा मोजली जाते. ते हाताने पुसले तर विंडोज कोलमडते. अधिकृत आज्ञेने त्यातले जुने घटक काढता येतात. तिचा कडक प्रकार वापरला की बसलेल्या अपडेट मागे घेता येत नाहीत. परतीची वाट बंद होण्याचे हे सरळ उदाहरण.

दुसरे मत : स्थलांतर

ज्यांच्याकडे मोठी डी आहे ते म्हणतात, पुसण्यापेक्षा हलवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड ही फोल्डरे गुणधर्मांत जाऊन रीतसर डीवर नेता येतात. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क बदलता येते, टॅलीचा डेटा डीवर नेऊन तिथला मार्ग टॅलीला सांगता येतो. हंगामात सर्वांत जास्त जागा याच मार्गाने सुटते आणि काही गमावावे लागत नाही. मोबदल्यात वेग थोडा जातो, कारण डी बहुधा जुनी फिरती डिस्क असते.

जाणकार आणखी पुढे जाऊन जंक्शन करतात. पूर्णा जंक्शनवर जशी गाडी रूळ बदलते, तशी इथे वाट बदलते : पाटी सीवर, माल डीवर. प्रोग्रॅमला वाटते फोल्डर जागेवरच आहे. एखाद्या मोठ्या डेटा फोल्डरासाठी ही युक्ती चालते. संपूर्ण ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हलवण्याला मात्र मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही आणि तसे केल्यास अपडेट अडू शकतात.

स्थलांतर अर्धवट राहिले तर काय होते, हे २०१८ च्या त्याच ऑक्टोबर आवृत्तीने दाखवले. काहींनी डॉक्युमेंट्स दुसऱ्या कप्प्यात नेले होते, पण जुन्या जागी काही फाइली तशाच राहिल्या होत्या. अपडेटने जुने फोल्डर निरुपयोगी समजून फाइलींसकट पुसले. २ ऑक्टोबरला निघालेली ती आवृत्ती मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच थांबवली आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिली. चूक कंपनीची होती. वापरणाऱ्याने घ्यायचा धडा मात्र साधा आहे : माल हलवला की जुनी खोली रिकामी झाली का ते पाहून यावे.

सी आणि डी एकाच डिस्कचे तुकडे असतील तर डीतून जागा काढून सीला जोडण्याचा सल्लाही मिळतो. विंडोजच्या स्वतःच्या हत्याराला त्यासाठी मोकळी जागा सीला अगदी लागून हवी असते, आणि मध्ये बहुधा डी किंवा रिकव्हरीचा छोटा कप्पा असतो. बाहेरची हत्यारे तो सरकवतात, पण सरकवताना लाइट गेली तर दोन्ही कप्पे धोक्यात येतात. आपल्याकडे ही शक्यता केवळ कागदोपत्री नाही. बॅकअप आणि बॅटरीची सोय, दोन्ही असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

तिसरे मत : दाबून बसवणे आणि वर पाठवणे

डबलस्पेसचा वारसा आजही चालू आहे. विंडोज १० सोबत आलेले कॉम्पॅक्ट ओएस विंडोजच्या फाइली दाबून ठेवते. ६४-बिट विंडोजवर यातून सुमारे २.६ जीबी वाचतील, असे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये सांगितले होते. ३२ जीबीच्या लॅपटॉपला हा आकडा मोठा आहे, १२८ जीबीला फारसा नाही. प्रोसेसर जुना असेल तर फाइली उलगडण्याचा भार जाणवतो. फोटो, व्हिडिओ आणि पीडीएफ आधीच दाबलेले असतात, त्यांना दाबून फार काही हाती लागत नाही.

क्लाउडचे समर्थक म्हणतात, फाइल इथे कशाला हवी, नाव इथे राहू द्या. वनड्राइव्हने २०१७ पासून ही सोय दिली आहे : यादीत फाइल दिसते, उघडली की उतरते. फुकट जागा मात्र मोजकी, गुगलकडे १५ जीबी आणि वनड्राइव्हकडे पाच. गावात नेट गेले की फाइलही गेली, ही अडचण दुसरी. तिसरी अडचण गैरसमजाची आहे. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरातली फाइल ‘इथून’ पुसली की ती तिथूनही पुसली जाते. जोडणी आणि बॅकअप हे एकच नव्हे, हे न समजल्याने फाइली गमावल्या जातात.

चौथे मत : विंडोज मारा किंवा ड्राइव्ह बदला

दुरुस्तीच्या दुकानाची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रत्येक फोल्डर तपासत बसायला तिथे वेळ नसतो आणि ग्राहकाला संध्याकाळपर्यंत संगणक हवा असतो. नव्याने विंडोज टाकली की जागा हमखास सुटते, वर्षानुवर्षांचा गाळही जातो. अडचण पुढे येते. सेवा केंद्रात अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, प्रिंटर, मराठी फाँट, सगळे पुन्हा बसवावे लागते. ‘डीवरचे वाचेल’ या जुन्या भरवशावर सीमधला टॅलीचा डेटा किंवा डेस्कटॉपवरचे फोल्डर गेले, तर ते परत आणणेही आता सोपे नाही. जुन्या फिरत्या डिस्कवरून पुसलेल्या फाइली काढता येत असत. एसएसडीला मात्र पुसलेली जागा विंडोज लगेच कळवते, ड्राइव्ह ती आतून मोकळी करते आणि मग शोधायला फारसे काही उरत नाही.

ड्राइव्ह बदलावी म्हणणाऱ्यांचे गणित सरळ आहे : दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस सफाईत घालवण्यापेक्षा एकदाच २५६ किंवा ५१२ जीबीची ड्राइव्ह घ्या आणि जुनी जशीच्या तशी तिच्यावर उतरवा. विंडोज पुन्हा टाकावी लागत नाही आणि जुनी ड्राइव्ह काही दिवस बाजूला ठेवली की तोच बॅकअप. परतीची वाट उघडी ठेवणारा हा एकच मोठा उपाय. पैसे लागतात, हे खरेच. शिवाय स्वस्त लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच पक्की बसवलेली असते, तिथे ही वाट मुळातच नाही.

कशावर एकमत झाले आहे

मते वेगळी असली तरी क्रमाबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. आधी मोजा : विंडोजच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडले की कशाने किती जागा घेतली ते दिसते. मग जे पुन्हा मिळू शकते ते पुसा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत पुन्हा उतरवता येतो, ग्राहकाने दाखवून परत नेलेल्या कागदाचा स्कॅन तसा मिळत नाही. त्यानंतर जे हलवता येते ते हलवा. परतीची वाट बंद करणारे उपाय शेवटी ठेवा आणि त्यांच्याआधी बॅकअप घ्या. हे सगळे जूनच्या गर्दीत करू नये, हेही ओघाने आलेच.

काय अजून सुटलेले नाही

किती जागा मोकळी असावी, याचे एक उत्तर नाही. लाल पट्टीची दहा टक्क्यांची रेघ विंडोजची सोय आहे, नियम नव्हे. एसएसडीला आतल्या आत फाइली सरकवायला मोकळी जागा लागते, म्हणून दहा ते वीस टक्के सोडा असे सांगितले जाते. नव्या ड्राइव्हमध्ये बनवणारे काही जागा आधीच राखून ठेवतात, म्हणून हा सल्ला जास्तीचा असल्याचे दुसरी बाजू म्हणते.

पेजफाइल हार्ड डिस्कवर न्यावी का, यावरही मतभेद आहेत. जागा सुटते, पण रॅम कमी असलेला संगणक नेमका अडचणीच्या वेळी मंदावतो. हायबरनेशन बंद करून काही जीबी मिळवण्याचा सल्ला तर सर्रास दिला जातो. त्यासोबत जलद सुरू होण्याची सोय आणि हायब्रिड स्लीपही बंद होते. हायब्रिड स्लीपमध्ये झोपलेल्या डेस्कटॉपची लाइट गेली तरी उघडे काम डिस्कवर शाबूत असते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात जे तीन जीबी निरुपयोगी वाटतात, ते भारनियमनाच्या गावात कामाचे ठरू शकतात. इथे एकच सल्ला सगळीकडे लागू पडत नाही.

तिसरा प्रश्न वयाचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला जागेसोबत नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही लागते. अशा जुन्या संगणकाला मोठी ड्राइव्ह घालावी, की ते पैसे नव्या संगणकासाठी ठेवावेत, याचा हिशेब प्रत्येक केंद्राचा वेगळा येईल.

शेवटचा प्रश्न जागेच्या हिशेबात बसतच नाही. आपले सरकार पोर्टलवर कागद चढवायचा तर तो ७५ ते ५०० केबीत बसवावा लागतो. रोज चाळीस कागद, वर्षाचे तीनशे दिवस आणि प्रत्येक कागद कमाल मापाचा धरला, तरी वर्षाला सहा जीबी होतात. ड्राइव्ह भरते ती यांनी नव्हे, त्यांच्या मागे उरलेल्या कित्येक एमबीच्या मूळ स्कॅननी आणि फोटोंनी. म्हणून जागा करायला बसलेला माणूस मोठ्या फाइली शोधून पुसतो आणि ग्राहकांची माहिती असलेल्या लहान फाइली वर्षानुवर्षे डेस्कटॉपवर तशाच राहतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती पुसावी, दुसरा कायदा ती ठेवायला सांगत नसेल तर. अर्ज नामंजूर झाला, ग्राहक पुन्हा आला, तर काय करायचे म्हणून केंद्रचालक ती ठेवून देतो. त्याचीही बाजू खरी आहे. किती दिवस ठेवायचे आणि ते कुणी तपासायचे, हे प्रत्यक्ष कामात अजून रुळलेले नाही.

एका शेतकऱ्याचे आधार, सातबारा आणि पासबुक मिळून दीड एमबीसुद्धा होत नाही. एवढ्याने कुठल्याही संगणकाची पट्टी लाल होत नाही, त्यामुळे ते पुसायची आठवण संगणक कधीच करून देणार नाही.